जवळ कोण आहे?

भारताच्या भूभागाचे क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर आहे. समुद्रात अडकलेल्यांना शोधून वाचवण्यासाठी जगाने जे पाणी वाटून घेतले, त्यात भारताच्या वाट्याला आलेले क्षेत्र सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटरचे आहे. तटरक्षक दलाने गस्तीची जहाजे कितीही वाढवली तरी एवढ्या पाण्यात प्रत्येक हाकेला ती वेळेत पोहोचणार नाहीत, आणि हेलिकॉप्टरला जाऊन परत येण्यापुरतेच अंतर कापता येते. खोल समुद्रात बुडत्याला जो काडीचा आधार मिळतो तो बहुधा जवळून चाललेल्या एखाद्या मालवाहू जहाजाचा. अशा सुटकेच्या बातमीत ‘सुदैवाने’ हा शब्द हमखास येतो आणि तो मला खटकतो. जवळ कोण आहे याची नोंद कोणीतरी चिकाटीने ठेवलेली असते, म्हणून ते जहाज वळवता येते. ही नोंद ठेवणे हे बचावाचे पहिले काम आहे. आपण मात्र जहाजांचा माग काढण्याकडे व्यापाराची सोय किंवा सुरक्षेची टेहळणी एवढ्याच नजरेने पाहतो.

डिसेंबर २०१८ मध्ये एकटीने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरलेल्या सूझी गुडॉल या ब्रिटिश तरुणीची शिडाची बोट वादळात कोलांटली आणि तिची डोलकाठी मोडली. केप हॉर्न तिथून सुमारे २,००० मैल दूर. चिलीच्या बचाव केंद्राने त्या भागातल्या जहाजांना हाक दिली. चीनहून अर्जेंटिनाला निघालेले ‘तियान फू’ हे मालवाहू जहाज वाट बदलून दोन दिवसांनी तिच्यापाशी पोहोचले आणि क्रेनने तिला वर उचलून घेतले. संकटातल्या माणसाला मदत करणे कप्तानावर बंधनकारक आहे, हे १९१०च्या ब्रसेल्स करारापासून आजच्या ‘सोलास’ या सागरी जीवरक्षणाच्या करारापर्यंत कायद्याने सांगितले आहे. पण हे कर्तव्य सुरू होते ते खबर मिळाल्यावर. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’पासून थोड्याच मैलांवर ‘कॅलिफोर्नियन’ उभे होते. त्याचा एकमेव वायरलेस ऑपरेटर काम संपवून झोपला होता, आणि आकाशात रॉकेटे दिसूनही त्याला कोणी उठवले नाही. हाक ऐकली ती ५८ सागरी मैलांवरच्या ‘कार्पेथिया’ने. ते येईपर्यंत दीड हजारांच्या आसपास माणसे गेली होती. कायदा त्या रात्रीही होताच.

हा धडा यंत्रणेत उतरायला शेहेचाळीस वर्षे लागली. १८ जुलै १९५८ रोजी अमेरिकी तटरक्षक दलाने ‘ॲम्व्हर’ सुरू केले. तेव्हा दिशा दाखवणारे उपग्रह नव्हते. जहाजे आपला मार्ग आणि वेग रेडिओवरून कळवत, आणि न्यूयॉर्कमधला संगणक त्यावरून प्रत्येकाची अंदाजे जागा काढी. आधी उत्तर अटलांटिकपुरती असलेली ही नोंद पुढे जगभर पसरली. कोणत्याही देशाचे जहाज तीत स्वेच्छेने सामील होऊ शकते, आणि ही माहिती बचावाखेरीज दुसऱ्या कामासाठी वापरायची नाही असे वचन दिलेले आहे. मला त्या संगणकापेक्षाही हे वचन मोलाचे वाटते. ऑक्टोबर १९८० मध्ये अलास्काच्या आखातात ‘प्रिन्सेनडाम’ या डच प्रवासी जहाजाला आग लागली. त्यावर पाचशेहून अधिक माणसे होती. या नोंदीवरून मदतीला आलेल्यांत ‘विल्यम्सबर्ग’ हे महाकाय तेलवाहू जहाज होते. ते तेलाने पूर्ण भरलेले होते, म्हणून पाण्यात खोल आणि स्थिर होते. हेलिकॉप्टरे माणसांना उचलून त्याच्या डेकवर ठेवत राहिली. एकही जीव गेला नाही.

आता कोणी म्हणेल की आज जहाजाची जागा आपोआप प्रसारित करणारे ‘एआयएस’ हे यंत्र आहे, ३०० टनांवरच्या जहाजांना आंतरराष्ट्रीय प्रवासात ते सक्तीचे आहे, मोबाइलवरही जहाजे सरकताना दिसतात. मग वेगळी नोंद कशाला? एआयएस मुळात जहाजांची टक्कर टाळण्यासाठी आहे. जहाजावर डॉक्टर आहे का, हे ते सांगत नाही. ॲम्व्हरच्या नोंदीत ते असते. शिवाय एआयएसचा संदेश कोणीही ऐकू शकतो, त्यात चाचे आणि हल्लेखोरही आले. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा कित्येक कप्तानांनी एआयएस बंद केले, आणि त्यांना दोष देता येणार नाही. पण जगापासून लपलेला कप्तान बचाव केंद्राला मात्र आपली जागा विश्वासाने सांगू शकतो. आपल्या तटरक्षक दलाची ‘इंडसार’ ही स्वेच्छेची नोंद मुंबईतून चालते, ती याच विश्वासावर.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे: मालवाहू जहाज बचावासाठी बांधलेलेच नाही. भिंतीसारख्या उंच बाजू, सहज थांबवता न येणारे वजन, वीस-बावीस खलाशी. १८ एप्रिल २०१५च्या रात्री लिबियाच्या उत्तरेला स्थलांतरितांनी खच्चून भरलेली बोट मदतीला आलेल्या ‘किंग जेकब’वर आदळून उलटली. सुमारे ८०० माणसे बुडाली, २८ वाचली. त्या रात्रीचे उत्तर माझ्याकडे नाही. एवढेच म्हणता येईल की अशा जागी बचावाची खास जहाजे ठेवणे हे सरकारांचे काम होते आणि ते त्यांनी व्यापारी जहाजांवर ढकलले. खर्चाचेही तसेच. वळलेल्या जहाजाचे इंधन आणि दिवस जातात. विम्यातून त्यातले काही भरून निघते, पण वाचवलेल्यांना उतरूच दिले नाही तर? २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाने ४३३ जणांना वाचवणाऱ्या नॉर्वेच्या ‘टॅम्पा’ला अडवले. २०२० मध्ये ‘मेर्स्क एटिएन’ हे डॅनिश जहाज २७ जणांना घेऊन माल्टाजवळ ३८ दिवस ताटकळले. असे घडले की पुढचा कप्तान नोंद देताना कचरतो. म्हणून वाचवलेल्यांना तातडीने बंदर देणे ही या नोंदीचीच अट मानायला हवी.

आपल्या किनाऱ्यावर खरी उणीव वेगळीच आहे: छोटी मच्छीमार बोट बहुधा कोणत्याच नोंदीत नसते. जून २०१५ मध्ये ओडिशातल्या गोपाळपूरजवळ इंजिन बंद पडून आणि नांगर गमावून ‘दुर्गम्मा’ ही मच्छीमार बोट भरकटत होती. तेलवाहू ‘संपूर्ण स्वराज्य’च्या कप्तान राधिका मेनन यांनी पंचवीस फुटी लाटांमध्ये तिसऱ्या प्रयत्नात सातही जणांना वर घेतले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पण त्यांच्या जहाजावरच्या अधिकाऱ्याला ती बोट दिसली ती अडीच किलोमीटरवरून, डोळ्यांनी. २०१७च्या ओखी वादळात केरळ-तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार वाऱ्यासरशी आपल्या देवगडला येऊन लागले, आणि ते जिवंत असल्याची बातमी घरी पोहोचेपर्यंत तिकडच्या किनाऱ्यावर बायका-मुले समुद्राकडे डोळे लावून बसली होती. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला एक लाख मच्छीमार बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. संकटात तांडेलाला त्यावरून किनाऱ्याला संदेश देता येतो. हा संदेश येईल त्याच टेबलावर इंडसारचा नकाशाही उघडा असला पाहिजे, म्हणजे दोन तासांवरून चाललेल्या मालवाहू जहाजाच्या कप्तानाला त्याच मिनिटाला हाक मारता येईल.