जहाजांच्या जत्रेत खलाशी कुठे?

जत्रा कुठे भरते? देव असतो तिथे, असे आपण चटकन सांगतो. पण बैलबाजार कुठे भरतो, हे घाटावरच्या शेतकऱ्याला विचारा. तो म्हणेल, गाठीला पैसा असलेले गिऱ्हाईक जिथे येते तिथे. बैल कोणत्या गावी जन्मला याच्याशी बाजाराला कर्तव्य नसते. ग्रीसमध्ये अथेन्सला दर दोन वर्षांनी भरणाऱ्या 'पोसिडोनिया' या आंतरराष्ट्रीय जहाज-प्रदर्शनाची माहिती वाचताना मला हाच नियम आठवत राहिला. नाव समुद्रदेव पोसायडनचे. पण जत्रा देवाची नव्हे, गिऱ्हाइकाची!

हा विषय मला का सुचला, असे मित्र विचारतात. माझे वडील बोटीवर खलाशी आहेत. आमच्या खाडीकाठच्या वाडीत दर दोन-तीन घरांआड एक माणूस बोटीवर असतो. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिलाच. तेव्हा जहाजाकडे किनाऱ्यावरून, पुस्तकातून पाहण्याची चैन मला मिळाली आहे, ती का सोडावी?

अशी प्रदर्शने पोसिडोनियाच्या आधीही होती. हॅम्बुर्गचे १९६३ साली सुरू झाले, ऑस्लोचे १९६५ साली. जर्मनी यंत्रे बनवते, तेव्हा हॅम्बुर्गचे कारण समजते. पण ग्रीस? जगातल्या नव्या जहाजांच्या टनभारापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आज चीन, कोरिया आणि जपान या तीन देशांत बांधला जातो. ग्रीसची लोकसंख्या सुमारे एक कोटी. तरीही जगाच्या व्यापारी जहाजांच्या मालवाहू शक्तीचा सहावा ते पाचवा हिस्सा ग्रीक मालकांच्या हाती आहे. म्हणजे बैल परगावचे, पण गिऱ्हाईक इथले.

हे गिऱ्हाईक तयार कसे झाले, ही कथा मला प्रदर्शनापेक्षाही मनोरंजक वाटते. दुसऱ्या महायुद्धात ग्रीकांची बहुतेक जहाजे बुडाली. युद्ध संपल्यावर, १९४६-४७ च्या सुमारास, ग्रीक सरकारच्या हमीवर तिथल्या मालकांनी अमेरिकेकडून शंभर 'लिबर्टी' जहाजे विकत घेतली. युद्धासाठी घाईघाईने बांधलेली ही मालवाहू जहाजे. पण त्यांवरच नवा संसार उभा राहिला. मालक मात्र पुष्कळसे लंडन-न्यूयॉर्कला बसून धंदा करीत. १९६७ चा ८९ क्रमांकाचा आणि १९६८ चा ३७८ क्रमांकाचा कायदा करून तिथल्या लष्करी राजवटीच्या काळात नौवहन कंपन्यांना कराच्या सवलती देण्यात आल्या आणि कचेऱ्या पिरेअस बंदराकडे वळू लागल्या. त्याच १९६७ साली सुएझ कालवा बंद पडला, तो थेट १९७५ पर्यंत. आफ्रिकेला वळसा घालायचा म्हणजे तेवढ्याच मालाला अधिक जहाजे लागणार. मालकांचे दिवस फिरले.

अशा वेळी, १९६९ साली, थेमिस्टोक्लिस व्होकोस यांनी अथेन्सच्या झापेइऑन इमारतीत पहिले पोसिडोनिया भरवले. पैसा असलेला माणूस दाराशी आला असताना त्यांनी दुकान मांडले. दूरदृष्टी म्हणा, धोरणीपणा म्हणा. मला तरी हा उत्तम व्यापार वाटतो. पुढे प्रदर्शन पिरेअसला गेले, मग हेलिनिकॉनच्या जुन्या विमानतळाच्या जागेत, आणि २०१२ पासून नव्या विमानतळाजवळच्या मेट्रोपॉलिटन एक्स्पोमध्ये भरू लागले. २०१२ म्हणजे ग्रीक सरकार कर्जात गळ्यापर्यंत बुडाले होते ते वर्ष! देशाची तिजोरी रिकामी आणि जहाजांची जत्रा मोठ्या मांडवात. आज तिथे दोन हजारांहून अधिक कंपन्या येतात.

तिथे काय मिळत नाही? इंजिने, रंग, दोर, रडार, विमा, कर्ज. आणि खलाशी पुरवणाऱ्या कंपन्यांचे स्टॉलही असतात. माझे म्हणणे इथूनच सुरू होते. ज्या माणसाच्या हातांनी ही सारी यंत्रे चालतात तो या जत्रेत गिऱ्हाईक म्हणून येत नाही, स्टॉलवरचा माल म्हणून येतो. शब्द कठोर आहे; पण याहून सौम्य शब्द मला सापडला नाही.

२०२० साली करोनामुळे पोसिडोनिया रद्द झाले. त्याच वर्षी, करार संपूनही घरी जाता न आलेले खलाशी जगभरात सुमारे चार लाख होते. प्रदर्शन २०२२ साली पुन्हा थाटात भरले. अडकलेल्यांच्या त्या महिन्यांची भरपाई कोणत्या स्टॉलवर मिळाली असती?

हे दूरच्या देशाचे झाले, असे समजू नये. जहाज-व्यवसायाचे असेच मोठे प्रदर्शन २०२५ च्या ऑक्टोबरात आपल्या गोरेगावलाही भरले, 'इंडिया मेरिटाइम वीक' या नावाने. नोकरी देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेऊ नयेत, असे २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार सांगतो. भारताने तो २०१५ साली मान्य केला. तरी आमच्या वाडीतल्या एका दादाने मुंबईच्या एका एजंटाला पैसे मोजले आणि गावकीच्या खोलीत पाच महिने फोनची वाट पाहिली.

म्हणून मुंबईतल्या अशा प्रदर्शनात मला एक टेबल हवे आहे. परवाना असलेल्या एजंटांची यादी सरकारजवळ आहे. मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या जहाजांची आणि त्यांवरील माणसांची नोंद आंतरराष्ट्रीय कामगार संघटना व आंतरराष्ट्रीय सागरी संघटना ठेवतात. हे सारे त्या टेबलावर असावे. खलाशाने यावे आणि विचारावे : हा मालक पगार वेळेवर देतो का? याने पूर्वी कुठे बोट टाकून दिली आहे का? टेबल दाराजवळच असावे, आत शिरायला कंपनीचे कार्ड मागू नये, आणि पलीकडे बसणाऱ्याला मराठी येत असावी.