कुठून नाही, केव्हा?

मिनियापोलिसमध्ये जानेवारीत उणे वीस अंश ही काही बातमी नसते. बातमी अशी की नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या गाडीचा हीटर संपावर गेला. सोबतीला पुढच्या उजव्या बाजूने टक-टक-टक असा आवाज. गाडी 2011 ची जपानी सेदान, एक लाख चाळीस हजार मैल पळालेली आणि मी तिचा तिसरा मालक. तिच्याकडून माझ्या फार अपेक्षा नाहीत. पण बायको रोज पहाटे पाचला हीच गाडी घेऊन हायवेने पस्तीस मैल जाते. त्या थंडीत, त्या अंधारात गाडी मध्येच बंद पडली तर? हा काही विनोदाचा विषय नव्हे.

गेलो गॅरेजमध्ये. वीस मिनिटांत कागद हातात. पुढचे दोन्ही शॉकअप बदला, हीटर कोअर बदला. हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटर. तो काढायचा तर आमच्या गाडीत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून मजुरीच जास्त. एकूण जवळजवळ दोन हजार डॉलर. मी विचारलं, "हेच गेलंय कशावरून?" उत्तर मिळालं, "या वयाच्या गाड्यांचं हेच जातं."

हे काही मला पटेना. रात्री पुण्याला फोन लावला. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेत.

"बाबा, उजव्या चाकातून आवाज येतोय."

"कुठून येतोय ते सोड. केव्हा येतो ते सांग."

"म्हणजे?"

"ब्रेक मारताना? वळताना? एकच चाक खड्ड्यात गेलं की दोन्ही एकदम आपटली की? आधी बघ, मग फोन कर." आणि फोन ठेवलासुद्धा!

आता बघा, आपण सॉफ्टवेअरवाले. 'ॲप चालत नाही' एवढंच लिहिलेलं तिकीट आलं की आपण किती चिडतो! स्टेप्स काय, कुठल्या स्क्रीनवर, दर वेळी होतं की कधीकधी? आणि तोच मी गॅरेजमध्ये जाऊन काय सांगून आलो होतो? 'आवाज येतोय, हीटर चालत नाही.'

मग शनिवारी सकाळी वही घेऊन निघालो. पार्किंग लॉटमधल्या स्पीडब्रेकरवरून सरळ गेलो, दोन्ही चाकं एकदम. आवाज नाही. मग एकच चाक चढेल अशी तिरकी घातली. टक! तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. ब्रेक मारला, काही नाही. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं, काही नाही.

पुढची दोन चाकं एका पोलादी दांड्याने जोडलेली असतात, त्याला स्टॅबिलायझर बार म्हणतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो नुसता फिरतो. एकच चाक उचललं गेलं की त्याला पीळ बसतो आणि सगळा जोर टोकाच्या लिंक रॉडवर येतो. त्याचा सांधा झिजला की तो टकटकतो. हाच आवाज ब्रेक मारताना आला असता तर मी कंट्रोल आर्मच्या बुशवर संशय घेतला असता. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना करकर झाली असती तर शॉकअपच्या वरच्या माउंटवर किंवा बॉल जॉइंटवर, आणि वेगाबरोबर वाढणारी घरघर असती तर व्हील बेअरिंगवर. 'कुठून' यावर फार भरवसा ठेवता येत नाही, कारण लोखंडातून आवाज कुठूनही कुठेही जातो. 'केव्हा' सहसा फसवत नाही.

हीटरचंही तसंच. वहीत लिहिलं: हायवेवर कोमट हवा, सिग्नलला उभं राहिलं की गार. पुढे जाऊन रेस दिली की पुन्हा कोमट. पंख्याचा झोत जोरदार, म्हणजे केबिन फिल्टर तुंबलेला नाही. वीस डॉलरचा ओबीडी डोंगल लावून इंजिनचं तापमान पाहिलं, नव्वद अंशांच्या आसपास. म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकलेला नाही. तसं असतं तर इंजिन हायवेवर नीट तापलंच नसतं. शिवाय डॅशबोर्डमागून पाण्याचा खळखळ आवाज. आत हवा शिरली होती. आयडलवर पंप हळू फिरतो, आणि कूलंट कमी असेल तर हीटरपर्यंत गरम पाणी पुरेसं पोचतच नाही. रात्रभर गार झालेल्या इंजिनचं रेडिएटरचं झाकण उघडलं (गरम इंजिनचं चुकूनही उघडू नका, आत दाब असतो, भाजाल). पातळी बरीच खाली!

इथे बरेच जण कूलंट भरतात आणि विषय संपवतात. मीही तेच करणार होतो. बाबांचा दुसरा फोन: "गेलं कुठे ते? गाडी पाणी पीत नाही." टॉर्च घेऊन शोधलं. वॉटर पंपाच्या सीलमागे एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, सील झिजलं की तिथून गळून कळावं म्हणून. त्याच्याखाली वाळलेल्या कूलंटचा पांढरट ओघळ होता.

दोन हजार डॉलर देऊन नवा हीटर कोअर बसवला असता, तर त्या कामात नवीन कूलंट भरलं गेलं असतं आणि हीटर मस्त चालला असता. मी खूश! आणि पंप गळत राहिला असता. मग एके दिवशी पहाटे हायवेवर इंजिन तापून बंद, आत बायको. हीटर बिघडलेला नव्हताच, तो इंजिनची तक्रार सांगत होता.

पंप दुसऱ्या गॅरेजमधून बदलून घेतला. लिंक रॉडची जोडी पन्नास डॉलरला आणून मित्राच्या गॅरेजमध्ये मीच बसवली. रस्त्यावरच्या मिठाने नट इतके गंजलेले की तासाभराच्या कामाला चार तास लागले. हौसेने करणार असाल तर नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावा. आणि चाक उचलल्यावर वर-खाली धरून हलवताना खेळ जाणवला तर तो बॉल जॉइंट किंवा बेअरिंग असू शकतो. तिथे हौस बाजूला ठेवून मेकॅनिक गाठा.

आता पहिल्या गॅरेजवाल्याला चोर म्हणावं का? मला नाही वाटत. इथे बऱ्याच गॅरेजमध्ये मेकॅनिकला कामाच्या ठरलेल्या तासांवर पैसे मिळतात. पार्ट बदलला की तास मिळतात, विचार करत अर्धा तास गाडी फिरवली त्याचे फारसे मिळत नाहीत. आणि आपण? तपासणीचे शंभर डॉलर सांगितले की 'नुसतं बघायचे एवढे?' म्हणून तोंड वाकडं करतो. पार्टचे हजार मात्र निमूट देतो. मग तो अंदाजाने पार्ट बदलणारच ना! स्वतः डीबगिंगचाच पगार घेणाऱ्या आपण तरी असं करू नये. तपासणीचे पैसे आनंदाने द्या, आणि त्या बदल्यात 'कशावरून?' याचं नीट उत्तर मागा.

आणि गॅरेजमध्ये जाण्याआधी चार दिवस एक कागद गाडीत ठेवा. त्यावर फक्त 'केव्हा' लिहा.

असो. हीटर आता असा चालतोय की बायको खिडकी उघडते. बाबांना कळवलं, तर म्हणाले, "ठीक. मागच्या चाकांचे बघितलेस का?"