गळते कोणाचे, भरावे कोणी?

पुण्यात ज्यांच्या डोक्यावर दुसऱ्याचे घर आहे, अशा नागरिकांस पुढील प्रसंग नवा वाटणार नाही. न्हाणीघराच्या छतावर प्रथम एक पिवळसर डाग उमटतो. महिन्याभरात तो हातभर पसरतो, गिलाव्याचे पोपडे सुटू लागतात आणि एके दिवशी दिव्याच्या होल्डरमधून पाणी ठिबकते. खालचे गृहस्थ वर जाऊन दार वाजवितात. वरचे गृहस्थ आपली कोरडी फरशी दाखवून दार लावून घेतात. मग प्रकरण संस्थेच्या सचिवांकडे जाते आणि ते शांतपणे सांगतात की, हा तुम्हा दोघांचा खासगी प्रश्न आहे, आपसांत मिटवा! वर्ष उलटते, डाग वाढतच राहतो, आणि जिन्यात गाठ पडली की दोन्ही घरची माणसे मान फिरवितात.

या तिघांपैकी अधिक चुकले कोण? आमचे स्पष्ट मत असे की, सर्वांत मोठी चूक तिसऱ्याची, म्हणजे हात झटकणाऱ्या व्यवस्थापक समितीची आहे.

पेठांतील वाड्यांत कौले फुटली की भाडेकरू मालकाकडे बोट दाखवी. मालक ती परतून देई की न देई, हा भाग निराळा. परंतु जबाबदार कोण, याविषयी संशय नसे. सदनिकांच्या इमारतीत एकाची जमीन ती दुसऱ्याचे छत झाली, आणि दोहोंमधील पाच-सहा इंचांची स्लॅब जणू कोणाचीच राहिली नाही. ही पोकळी भरून काढण्यासाठीच सहकारी संस्था असते. ती केवळ पाणीपट्टी आणि पहारेकऱ्याचा पगार वाटून घेण्याची सोय नव्हे.

कायदा या बाबतीत मुका आहे, असेही नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखालील आदर्श उपविधींत ६८ व्या क्रमांकाचा उपविधी दुरुस्तीच्या खर्चाची वाटणी करून देतो. गच्ची, बाहेरील सामाईक जलवाहिन्या व सांडपाण्याचे नळ आणि पावसाच्या पाण्याने होणारी गळती यांचा खर्च संस्थेचा. सदनिकेच्या आतील संडास, मोरी, सिंक यांतून होणारी गळती ज्याची त्याने स्वखर्चाने थांबवावी, आणि त्यासाठी संस्थेने त्यास नोटीस द्यावी. ही नोटीस देणे हे संस्थेचे काम आहे, हे आमच्या सचिव महाशयांनी ध्यानात घ्यावे. पुण्यात ज्यांची संख्या मोठी आहे, त्या १९७० च्या कायद्याखालील अपार्टमेंट संघांचे नियम निराळे असतात. तेथील सभासदांनी आपले घोषणापत्र कपाटातून काढून एकदा तरी वाचावे.

तात्पर्य, पैसे कोणी द्यावयाचे हे पाणी कोठून येते यावर ठरते; आणि नेमके तेच शोधण्याआधी भांडण सुरू होते. पाणी जेथे गळते तेथेच टपकते, असा नियम नाही. ते स्लॅबच्या सळईच्या कडेने वाट काढीत दोन खोल्या पलीकडेही उतरते. गळती केवळ पावसाळ्यात दिसत असेल तर संशय गच्चीवर वा बाहेरील भिंतीवर घ्यावा. वैशाखातही ओल असेल तर नळांवर. मोरीचे तोंड बुजवून फरशीवर रंगीत पाणी एक दिवस साठवून ठेवले, तरी बराच उलगडा होतो. एवढी तपासणी न करता वरच्यास दोषी धरणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

नळ दुरुस्त झाला, तरी खालच्याचे भिजलेले छत, फुगलेले कपाट आणि जळालेल्या विजेच्या तारा यांची भरपाई कोणी करावी, हा प्रश्न उरतो, आणि खरा वाद येथेच पेटतो. इंग्लंडमध्ये लँकेशायरातील एका गिरणीवाल्याच्या जलाशयाचे पाणी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले, तेव्हा १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याची हलगर्जी सिद्ध नसतानाही त्यास भरपाईस जबाबदार धरले. परंतु १९१३ साली मेलबर्नच्या एका इमारतीचा दावा प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. चौथ्या मजल्यावरील तोटी कोणा अज्ञाताने मुद्दाम सोडून ठेवल्यामुळे दुसऱ्या मजल्यावरील माल भिजला होता. इमारतीत नळ असणे हा जागेचा नित्याचा वापर होय, असे म्हणून तेथे मालकास मुक्त करण्यात आले. या दोन निवाड्यांतून आम्ही असा बोध घेतो की, पहिल्या दिवसाचे ठिबकणे हा अपघात असू शकेल. लेखी सूचना मिळाल्यानंतरचे ठिबकणे ही हलगर्जी होय. म्हणून खालच्या रहिवाशाने आवाज चढविण्याऐवजी तारखेनिशी पत्र द्यावे, छायाचित्रे ठेवावीत आणि पत्राची पोच घ्यावी.

वरच्या रहिवाशाचीही बाजू आहे. ज्याने तो नळ भिंतीत पुरला तो बांधकाम करणारा केव्हाच दूर गेलेला असतो, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यास सारी फरशी उखडण्याचा खर्च जड जातो. घर नवे असेल तर त्याने २०१६ च्या रेरा कायद्याचा आधार घ्यावा. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातील वा कारागिरीतील दोष दाखविल्यास ३० दिवसांत तो विनामूल्य दूर करणे विकासकावर बंधनकारक आहे. मात्र हौसेने मोरीची जागा बदलणाऱ्यास ही सबब चालणार नाही.

समेट न झाल्यास अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयाचा दरवाजा उघडा आहे. परंतु निकाल लागेपर्यंत पाणी थांबत नाही! म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक संस्थेने येत्या सर्वसाधारण सभेत कायदेशीर सल्ल्याने एक ठराव संमत करावा. तक्रार आल्यापासून आठ दिवसांत संस्थेने अभियंत्याकडून दोन्ही घरांची पाहणी करवावी. त्याचे शुल्क आधी संस्थेने द्यावे आणि मागून दोषी ठरेल त्याच्या नावे टाकावे. दुरुस्तीस महिन्याची मुदत असावी. ती टळल्यास संस्थेने काम करून खर्च वसूल करावा, आणि खालचे छत पूर्ववत करणे हे त्याच कामाचा भाग मानावे. जे सभासद घरास कुलूप लावून परदेशी राहतात, त्यांनी किल्ली आणि मुखत्यार या दोहोंची व्यवस्था येथे ठेवलीच पाहिजे.

वीस घरांनी मिळून एक छत घेतले, तेव्हा त्यांनी एकमेकांचे पाणीही पत्करले आहे. ते कोठून येते हे पाहण्यासाठी समितीने एकदा जिना चढावा, एवढीच आमची मागणी आहे.