सूक्ष्मदर्शक जात विचारत नाही, पण...

पोट फुगते, दोन घासांत भरल्यासारखे वाटते, ओटीपोट दुखते, लघवीला वारंवार जावे लागते. आमच्या वस्तीतली बाई याला गॅस समजते, सोडा पिते आणि कामावर जाते. अंडाशयाचा कॅन्सर असाच दबा धरून बसतो. बहुतेकींचे निदान होते तेव्हा तो पोटात पसरलेला असतो.

तरीही काही स्त्रिया वर्षानुवर्षे जगतात, काही लवकर जातात. असे का? अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ साली याचे एक उत्तर दिले. त्यांनी वाढलेल्या रोगाच्या १८६ गाठी तपासल्या. १०२ गाठींत टी पेशी, म्हणजे शरीराच्या लढाऊ पेशी, आत शिरलेल्या आढळल्या. या गटातील ३८ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. ज्यांच्या गाठीत त्या नव्हत्या, त्यांच्यापैकी अवघ्या ४.५ टक्के. २०१७ साली अनेक देशांतील पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासानेही हाच निष्कर्ष दिला. २००४ साली आणखी एक गोष्ट उघड झाली होती. काही टी पेशी गाठीत शिरतात त्या आपल्याच लढणाऱ्या पेशींना आवरायला! त्या जितक्या जास्त, तितके आयुष्य कमी. चळवळीतल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

हे रोगाचे भाकीत आहे, औषध नव्हे. या पेशींना बळ देणाऱ्या औषधांना अंडाशयाच्या कॅन्सरात त्वचेच्या कॅन्सरइतके यश मिळालेले नाही. पण आमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. सूक्ष्मदर्शक कुणाची जात विचारत नाही हे खरे. पण त्याच्याखाली जाण्याआधी गाठ सापडावी लागते, आणि ती कुणाची सापडते?

बीडच्या ऊसतोड महिलांकडे पाहा. २०१९ साली शासनाच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत दलित आणि भटक्या-विमुक्त भगिनी मोठ्या संख्येने आहेत. पुढे कॅन्सर होईल, अशी भीती अनेकींना घातली गेली होती. म्हणजे ज्यांना कॅन्सर नाही त्यांना त्याची भीती विकायची आणि ज्यांना आहे त्यांच्या पोटदुखीला गॅस म्हणायचे. हा न्याय आम्हाला मान्य नाही.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मातेची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब मानली आणि तिचा भार सरकारने उचलावा असे बजावले. तेच तत्त्व इथे लावायला हवे. ब्रिटनमध्ये दोन लाख स्त्रियांवर झालेल्या चाचणीने २०२१ साली दाखवले की लक्षणे नसताना सरसकट तपासणी करून या रोगाचे मृत्यू कमी होत नाहीत. म्हणून लक्षणांकडे वेळीच पाहणे हाच आज गरिबांच्या हातातला मार्ग आहे.

दोन-तीन आठवडे अशी तक्रार टिकली तर सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी आणि रक्ततपासणी मोफत झालीच पाहिजे. काढलेला प्रत्येक अवयव पॅथॉलॉजीकडे गेला पाहिजे आणि त्याचा अहवाल बाईच्या हाती पडला पाहिजे. वस्त्यावस्त्यांतील महिला मंडळांनी ही लक्षणे बुद्धविहारात वाचून दाखवावीत. लढाऊ पेशी शरीरात असून भागत नाही, त्या गाठीच्या आत पोचाव्या लागतात. शास्त्राचेही तसेच आहे. ते आमच्या वस्तीच्या आत आले पाहिजे. येत नसेल तर आपण त्याला आणले पाहिजे.