ताटात काय वाढलं यापेक्षा पोटात काय गेलं ते बघा

रिमांड होममध्ये पोरांची मारामारी झाली की बातमी होते. तीच पोरं तिथं काय खातात, याची बातमी कधी होत नाही. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे का, हे इंग्लंडमध्ये तपासून बघितलंय.

एल्सबरी इथल्या तरुण कैद्यांच्या तुरुंगात बर्नार्ड गेश या संशोधकाने २३१ कैद्यांवर प्रयोग केला. काहींना रोज जीवनसत्त्वं, खनिजं आणि मेदाम्लांच्या गोळ्या दिल्या. बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, पण आत औषध नसलेल्या. कोणाला कुठली गोळी मिळते, हे कैद्यांनाही माहीत नव्हतं आणि पहारेकऱ्यांनाही. २००२ साली निकाल छापून आला. खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचे शिस्तभंगाचे प्रकार दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २६ टक्क्यांनी कमी निघाले.

मुद्दा असा की तिथं अन्नाचा तुटवडा नव्हता. पोरं त्यातलं आवडेल तेवढंच खायची. शेतकऱ्याला हे लगेच समजेल. नुसता युरिया टाकत राहिलं आणि जस्त, लोह कमी पडलं, तर पीक पिवळं पडतंच. पोट भरणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं.

नेदरलँड्समध्येही २२१ तरुण कैद्यांवर असाच प्रयोग झाला. २०१० च्या त्या निकालात गोळ्या घेणाऱ्यांच्या गटात नोंद झालेल्या घटना घटल्या. मात्र कैद्यांनी स्वतःच्या रागाबद्दल जे सांगितलं, त्यात दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे गोळी दिली की पोरगं सुधारलं, असं कोणी समजू नये. घर, शाळा, संगत, व्यसन हे सगळं आहेच.

हे कैदी १८ च्या पुढचे होते. आपल्या निरीक्षणगृहातली बहुतेक मुलं त्याहून लहान, वाढत्या अंगाची. २०१६ च्या बाल न्याय नियमांत त्यांच्या आहाराचं प्रमाण लिहून दिलंय. २०१५ च्या कायद्यानुसार जिल्हा तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी भेट द्यायची असते आणि त्या पथकात एक वैद्यकीय अधिकारी असावाच लागतो.

त्या डॉक्टरसाहेबांना एवढंच सांगणं, भिंतीवरचा आहाराचा तक्ता वाचून परत फिरू नका. जेवणाच्या वेळेला जा आणि उष्ट्या ताटात काय उरलंय ते बघा.