संगणकीय पाठ आणि साहित्याचा अभ्यासक

भारतीय साहित्याच्या अभ्यासात संगणकाचा प्रवेश आता नवलाचा राहिलेला नाही. शब्दसूची, ग्रंथांचे संगणकीय संग्रह, यांत्रिक अनुवाद आणि अलीकडे मजकूर स्वतः रचणारी कृत्रिम बुद्धिमत्ता अशा एकामागून एक आलेल्या प्रवाहांनी साहित्याचा विद्यार्थी कधी भारावतो, तर कधी धास्तावतो. या दोन्ही वृत्तींत एक मूलभूत प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. पडद्यावर जे अक्षर दिसते तेच यंत्रात साठवलेले असते काय? मराठीपुरते पाहिले तरी याचे उत्तर निःशंक होकारार्थी देता येत नाही.

यंत्र आकार साठवीत नाही, क्रमांक साठवते. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' ही संकेतप्रणाली प्रमाणित केली. तीत ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांतील समान वर्णांना समान क्रमांक होते. त्याच वर्षी 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती निघाली व देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र गट मिळाला. मुद्रणव्यवहार मात्र पुढे दीर्घकाळ वेगळ्याच वाटेने चालला. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसविलेले फॉन्ट सर्रास वापरले गेले. त्यांत ऱ्हस्व इकार डोळ्यांना दिसतो तसा व्यंजनाच्या आधी साठवला जातो, तर युनिकोडमध्ये उच्चारानुसार व्यंजनानंतर. असा मजकूर कागदावर निर्दोष उमटतो. परंतु तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्याची केवळ निरर्थक रोमन अक्षरे उरतात.

युनिकोड आल्याने प्रश्न संपला, असेही नाही. मराठीत 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. हिंदीला अनावश्यक असलेला हा भेद मराठीत अर्थभेदक आहे. हा अर्धा 'र' दोन प्रकारे साठवता येतो: खाली टिंब असलेल्या 'ऱ'ला हलन्त जोडून, अथवा साध्या 'र'नंतर हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह घालून. वाचकाला दोन्ही रूपे एकच दिसतात. यंत्राला ती भिन्न असतात. 'ॲ' या स्वराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. तोपर्यंत 'अ'वर चंद्र चढवून काम भागवले जाई, आणि ती रूपेही संग्रहांत आहेतच.

याचे परिणाम केवळ तांत्रिक नाहीत. एखादा संशोधक लेखकाच्या समग्र साहित्यात एक शब्द शोधतो, यंत्र 'आढळ नाही' असे सांगते आणि त्यावरून शैलीविषयक निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः शब्द तेथे असतो. फक्त त्याचे क्रमांक निराळे असतात. मजकुरावरूनच भाषा शिकणाऱ्या नव्या यंत्रणाही हे दोष उचलू शकतात.

हे काम तंत्रज्ञांचे आहे, अशी सबब येथे पुढे केली जाते. ती ग्राह्य नाही. दोन रूपे एका शब्दाची की दोन शब्दांची, हा निर्णय भाषाशास्त्राचा व पाठचिकित्सेचा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली, ती लिपिभेद व लेखनिकांचे प्रमाद यांची कसोशीने छाननी करूनच. शारदा वा मल्याळम लिपीतील पोथीचा पाठ पारखणाऱ्या या परंपरेने संगणकीय प्रतीला मात्र आपोआप प्रमाण मानावे, हे विसंगत होय. तीही एक हस्तलिखितासारखीच प्रत आहे. तिचा लेखनिक तेवढा अदृश्य आहे.

म्हणून साहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात पाठचिकित्सेबरोबर संकेतप्रणालीची ओळख करून द्यावयास हवी. प्रत्येक संगणकीय संग्रहाने आपला मूळ फॉन्ट, रूपांतराची पद्धत आणि पर्यायी रूपांबाबत स्वीकारलेले धोरण प्रास्ताविकात नमूद करावे. शोधाच्या वेळी पर्यायी रूपे एकत्र धरावीत. परंतु मुळातील भेद पुसून टाकू नयेत, कारण उद्याच्या अभ्यासकाला तोच पुरावा ठरेल. बंगाली, तमिळ वा उर्दूच्या अभ्यासकांनीही आपापल्या लिपीतील अशी स्थळे नोंदवावीत. संगणकक्षेत्रातील नवनवे प्रवाह येतील आणि ओसरतील; त्या सर्वांचा आधार असलेला पाठ शुद्ध राखण्याची जबाबदारी मात्र साहित्याच्या अभ्यासकाला दुसऱ्या कोणावर सोपविता येणार नाही.