दमवून वेग येत नाही

राज्यात पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची असते. मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20 गुण, 100 मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15. मुलींना 1600 ऐवजी 800 मीटर, बाकी तेच. म्हणजे 15 गुण निव्वळ वेगाचे आहेत. तरीही तालुक्याच्या गावी चालणाऱ्या भरती अकॅडम्यांचा पहाटेचा सराव बघावा. आधी मैदानाला फेऱ्या, मग उठाबशा, मग पुन्हा फेऱ्या आणि पाय लटपटायला लागले की शंभर मीटरचे दहा-बारा ‘स्प्रिंट’, मध्ये चालत परत येण्यापुरती उसंत. शाळांचे खो-खो, कबड्डी आणि फुटबॉलचे बरेचसे संघही याच पठडीतले. याला वेगाचा सराव म्हणतात. पण हा दमसासाचा सराव आहे. त्यातून वेग वाढत नाही आणि ज्या वयात तो सहज वाढला असता, ते वय मात्र निघून जातं.

कारण शरीराच्या व्यवहारातच आहे. जीव तोडून धावताना पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा मुख्यतः स्नायूंत साठलेल्या फॉस्फोक्रिएटिनमधून येते. हा साठा अगदी तुटपुंजा. दहा सेकंदांच्या आतच त्यातला बराचसा खर्च होतो. पुढच्या अर्ध्या-पाऊण मिनिटात तो निम्म्याच्या आसपास भरून येतो, पण पुरता भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. मिनिटाभरात दुसरी धाव घेतली की ती पहिलीपेक्षा संथ होते, तिसरी त्याहून संथ. मूल तोंड वेडंवाकडं करून जोर लावत असतं, घाम निथळत असतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की केवढी मेहनत चालली आहे! मेहनत खरीच आहे. पण शरीर जे वारंवार करतं तेच शिकतं, आणि इथे ते ऐंशी-पंच्याऐंशी टक्के वेगाने, खांदे आखडून, कंबर खाली सोडून धावायला शिकतं. धावपटूंच्या प्रशिक्षकांमध्ये एक ढोबळ हिशेब रूढ आहे: पूर्ण वेगाच्या दर दहा मीटरला एक मिनिट विश्रांती. तीस मीटरच्या सहा धावा म्हणजे एकूण 180 मीटर धावणं आणि त्यासाठी वीसेक मिनिटं. खिडकीतून बघणाऱ्या मुख्याध्यापकांना ही मुलं बसून वेळ काढताहेत असंच वाटणार. आपल्याकडे योग्य पद्धत रुजत नाही, ती मुख्यतः या दिसण्यामुळे.

दुसरा गैरसमज पायांचा. ‘पाय भराभर उचल’ ही सूचना प्रत्येक मैदानावर ऐकू येते. पीटर वेयंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या कुवतीच्या धावपटूंना त्यांच्या कमाल वेगाने धावायला लावून मोजमापं घेतली. पाय हवेतून पुढे आणायला वेगवान आणि संथ धावपटूंना जवळपास सारखाच वेळ लागत होता. फरक होता तो जमिनीला दिलेल्या रेट्यात. वेगवान धावपटू जमिनीवर जास्त जोर लावत होते, आणि तोही फार थोड्या वेळात. अव्वल धावपटूचं पाऊल पूर्ण वेगात असताना सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळ जमिनीवर टेकलेलं असतं. 2009 मध्ये बर्लिनला 9.58 सेकंदांची धाव घेताना उसेन बोल्टने 60 ते 80 मीटरचा टप्पा 1.61 सेकंदांत कापला, म्हणजे ताशी सुमारे 44.7 किलोमीटर, आणि सगळी शर्यत त्याने 41 पावलांत संपवली. जमिनीवर अंथरलेल्या शिडीच्या चौकटींत टकटक पावलं टाकणं हा म्हणूनच वेगाचा सराव होऊ शकत नाही. अंग गरम करायला, ताल यायला ती शिडी ठीक आहे. पण त्यात जमिनीला रेटा दिलाच जात नाही. रेटा येतो तो पायांच्या ताकदीतून, उड्यांतून आणि सगळ्यात जास्त खरोखर पूर्ण वेगाने धावण्यातून.

खेळाच्या मैदानावरचा वेग सरळ रेषेतला नसतो, हे खरं. खो-खोचंच घ्या. मैदान 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद. खो मिळून उठलेल्या आक्रमकाने एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत त्याला मागे वळता येत नाही. संरक्षकाला मात्र दोन बसलेल्या खेळाडूंमधून कुठूनही पलीकडे जाता येतं. त्यामुळे संरक्षकाची सगळी कला ऐन क्षणी वेग मोडण्यात असते. चांगली संरक्षक बघा. पाठलाग अंगावर आला की शेवटच्या दोन पावलांत ती कंबर खाली आणते, बाहेरचा पाय शरीरापासून दूर रोवते, गुडघा वाकवून सगळा भार त्यावर झेलते आणि छाती नव्या दिशेला वळलेली असतानाच जमीन ढकलून निघते. नजर आक्रमकाच्या खांद्यांवर आणि कमरेवर असते, पायांवर नसते. यातला वेग आवरण्याचा भाग ताकदीचा आहे आणि तो वेगळा शिकवावा लागतो. समोरच्याला वाचण्याचा भाग मात्र प्लास्टिकच्या शंकूंभोवती ठरलेल्या वळणांनी धावून कधीच येत नाही, कारण शंकू हुलकावणी देत नाही. तो येतो माणसासमोर. आट्यापाट्या, शिवणापाणी, लंगडी या खेळांत तो पुरेपूर आहे, शिवाय त्यांत काही सेकंदांची झटापट आणि मग उसंत ही लय आपोआप असते. हे खेळ शारीरिक शिक्षणाच्या तासाला केवळ करमणूक म्हणून उरले आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या मांडणीवर एक वजनदार आक्षेप आहे. इटलीच्या पिएत्रो मेनेआने 1979 मध्ये मेक्सिको सिटीत 200 मीटर 19.72 सेकंदांत धावून केलेला विक्रम जवळपास सतरा वर्षं टिकला, आणि कार्लो व्हित्तोरींच्या हाताखाली तो प्रचंड प्रमाणात सराव करत असे. तो विक्रम मोडणाऱ्या मायकेल जॉन्सनचे प्रशिक्षक क्लाइड हार्ट यांचाही भर दमसासावर होता. दोन्ही उदाहरणं खरी आहेत. पण मेनेआ आणि जॉन्सन हे पूर्ण वाढ झालेले, मुळातच अतिवेगवान, दिवसभर फक्त हेच करणारे धावपटू होते आणि त्यांच्या शर्यती 200 व 400 मीटरच्या होत्या. तिथे कमावलेला वेग टिकवणं हा प्रश्न असतो. तेरा वर्षांच्या मुलीकडे टिकवायला अजून वेग आलेलाच नाही. उलट बाजूने कुणी म्हणेल की, वेग आणि पूर्ण विश्रांती यांचा आग्रह धरणारे कॅनडाचे चार्ली फ्रान्सिस हे बेन जॉन्सनचे प्रशिक्षक, आणि 1988 मध्ये सोल ऑलिंपिकला जॉन्सन उत्तेजक घेतल्याबद्दल पकडला गेला, हे जगाला माहीत आहे. ते लपवण्यासारखं नाही आणि माफ करण्यासारखंही नाही. पण उत्तेजकांमुळे स्नायू लवकर सावरतात. तसं सावरणाऱ्यालाही दोन धावांमध्ये पूर्ण विश्रांती लागत असेल, तर डाळभात खाऊन आलेल्या पोराला ती जास्तच लागणार.

खो-खोची पाळी नऊ मिनिटांची, फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा, मग दमसास नको का? हवाच. तो वेगळ्या दिवशी करावा, किंवा त्याच दिवशी वेगाचा सराव संपल्यावर. ताज्या पायांनी वेग, मग बाकीचं, हा क्रम मोडू नये. शिवाय ज्याचा कमाल वेग जास्त, त्याला ठरावीक गतीने धावणं तुलनेने हलकं जातं, त्यामुळे वेग वाढल्याचा फायदा शेवटच्या मिनिटांतही मिळतो. आपल्याकडे हा क्रम उलटा का झाला असावा? मला वाटतं, आपल्या यशाचाही त्यात वाटा आहे. कविता राऊत, ललिता बाबर, अविनाश साबळे ही महाराष्ट्राच्या मातीतली नावं लांब आणि मध्यम पल्ल्याची. त्यांच्या सरावाचं अनुकरण सगळ्यांसाठी सरसकट होऊ लागलं.

वेग उपजतच असतो, हेही नेहमीचं उत्तर. स्नायूंचा पोत जन्माने ठरतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 2016 मध्ये 100 मीटरचा राष्ट्रीय विक्रम 10.26 सेकंदांचा होता. 2025 च्या मार्चमध्ये गुरिंदरवीर सिंगने 10.20 आणि जुलैत अनिमेष कुजुरने 10.18 नोंदवली. छत्तीसगडचा, आधी फुटबॉल खेळणारा कुजुर भुवनेश्वरच्या प्रशिक्षण केंद्रात मार्टिन ओवेन्स यांच्या हाताखाली तयार झाला. नऊ वर्षांत देशाची जनुकं बदलत नाहीत. गुणी मुलगा कुणाच्या हाती लागतो आणि तिथे त्याला काय करायला मिळतं, याने फरक पडतो.

राहिली व्यवहाराची अडचण: एक शिक्षक, चाळीस मुलं, अर्धं मैदान. इथे पूर्ण विश्रांतीची पद्धत उलट सोयीची पडते. दोघादोघांना सोडलं आणि दर जोडीला बारा सेकंद धरले, तर प्रत्येकाची पाळी चार मिनिटांनी येते. रांग हीच विश्रांती. दुखापतीची धास्ती असेल तर मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी गुडघ्यांवर बसून, घोटे जोडीदाराने धरून सावकाश पुढे झुकण्याचा नॉर्डिक व्यायाम आठवड्यातून दोनदा घ्यावा. त्याने त्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षातून दिसलं आहे. मोजमापाला महागडं यंत्र लागत नाही. हाताच्या घड्याळावर मात्र भिस्त ठेवू नये. एवढ्या छोट्या अंतरात बोटाची चूकच धावेच्या फरकापेक्षा मोठी निघते. वीस मीटर धावत येऊन पुढच्या दहा मीटरची वेळ घ्यावी, ती सेकंदाला 240 चित्रं टिपणाऱ्या मोबाइलवर. दहा मीटर 1.10 सेकंदांत म्हणजे 264 चित्रं, ताशी सुमारे 32.7 किलोमीटर. अमेरिकेत इलिनॉयमधले शालेय प्रशिक्षक टोनी हॉलर अशा वेळा नोंदवतात, त्यांची क्रमवारी लावतात आणि ती जाहीर करतात. लहान मुलांची क्रमवारी लावणं मला पटत नाही. प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्याच जुन्या वेळा पुरेत. आठवड्यातून दोन दिवस हे करावं, आणि वेळ घसरायला लागली की त्या मुलाचा त्या दिवसाचा वेगाचा सराव तिथेच थांबवावा, त्याची आणखी दोन धावांची तयारी असली तरी. मुलं बसून का आहेत, असा जाब शिक्षकाला विचारणाऱ्या पालकांना आणि मुख्याध्यापकांना दाखवायला तीन महिन्यांचा हा तक्ता पुरेसा आहे.